इन्स्टॉल झालं, पण वाचतंय का?

आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, असं कोणी विचारलं तर "आज मेसला काय आहे?" हे मी दुसऱ्या नंबरवर टाकीन. पहिला नंबर "झालं बे इन्स्टॉल!" या वाक्याचा. प्रोजेक्टचे विषय वाटले गेले की हे वाक्य कॉरिडॉरमधून ऐकू यायला लागतं ते थेट सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत. मग स्क्रीनशॉट काढायचा, रिपोर्टच्या चौथ्या प्रकरणात चिकटवायचा, गाईडची सही घ्यायची, की सॉफ्टवेअरचा विषय संपला. पुढे ते सॉफ्टवेअर काय वाचतं, बरोबर वाचतं की चुकीचं, याची चौकशी ना विद्यार्थी करतात ना परीक्षक.

मित्रमैत्रिणींनो, माझी तक्रार नेमकी इथेच आहे. इन्स्टॉल करणं हे अर्धंसुद्धा काम नाही. बाकीचं काम म्हणजे चाचणी, आणि ती आपल्याकडे जवळपास कोणीच करत नाही. हे मी एकाच लायब्ररीच्या उदाहरणावरून सांगणार आहे, कारण सध्या आमच्या विंगमधले निदान चार ग्रुप तिच्याशी झटताहेत. तिचं नाव जीडाल. काही जण 'गूडल' असाही उच्चार करतात, तुम्हाला जो जमेल तो करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उपग्रहाचं चित्र म्हणजे आपल्या मोबाईलमधला फोटो नव्हे. एकेका रंगपट्ट्याची वेगळी फाईल, प्रत्येक पिक्सेलमध्ये सोळा बिटांचा आकडा, आणि तो पिक्सेल पृथ्वीवर नेमका कुठे आहे त्याची माहिती, असं ते गाठोडं असतं. शिवाय अमेरिकेचा लँडसॅट एका फॉरमॅटमध्ये देतो, युरोपचा सेंटिनेल दुसऱ्या, आणि जुन्या संस्थांची कपाटं तिसऱ्याच फॉरमॅटनं भरलेली. हे सगळे फॉरमॅट वाचून आपल्या हातात सरळ आकडे ठेवणारी मुक्त स्रोत लायब्ररी म्हणजे जीडाल. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये हे काम सुरू केलं. आज ती शंभराहून जास्त फॉरमॅट वाचते. तुम्ही सिव्हिलच्या लॅबमध्ये क्यूजीआयएस उघडता ना, त्याच्या पोटात हीच बसलेली असते. एवढं जग जिच्यावर चालतं, ती सांभाळणारी माणसं मात्र हातावर मोजण्याइतकी. बरीच वर्षं तर मुख्य भार एव्हन रूओ या एकट्या फ्रेंच इंजिनिअरवर होता. २०२१ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी प्रायोजकत्व दिलं तेव्हा कुठे त्या कामाला नियमित पैसा मिळायला लागला. असो.

आता माझा यात संबंध काय, तर मी बुलढाणा जिल्ह्यातली, मेहकर तालुक्यातल्या जानेफळची. शेजारच्याच तालुक्यात लोणारचं सरोवर. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर जगात नावाजलेलं आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते उल्केचंच असल्याचे पुरावे छापले, २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नासानं लँडसॅट-८ ची आधीची नि नंतरची चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. त्यामुळे आमच्या भागातल्या पोरापोरींना रिमोट सेन्सिंगचा प्रोजेक्ट मिळाला की विषय ठरलेला असतो: लोणार. आणि दुसरा ठरलेला विषय: सोयाबीन.

लोणारमध्ये चूक झाली तर फार तर मार्क जातील. सोयाबीनचं तसं नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून 'येस-टेक' नावाची पद्धत आली. पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनाबरोबर उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही किमान ३० टक्के वजन द्यायचं, अशी ती पद्धत. सुरुवातीला भात आणि गहू होते, २०२४ च्या खरिपात सोयाबीनची भर पडली. म्हणजे आकाशातून घेतलेल्या चित्रातला आकडा आता शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पोचण्याच्या रस्त्याला लागला आहे. तिथे बसलेली मंडळी तज्ज्ञ आहेत, तपासत असतीलच. पण उद्या त्याच खुर्च्यांवर आपल्यातलेच काही जण बसणार आहेत. आणि त्यांची सवय काय? तर "झालं बे इन्स्टॉल!"

आधी इन्स्टॉलेशनकडेच बघू, कारण तिथेही गंमत कमी नाही.

आपल्याकडे सिनियरची पीडीएफ ही गीता असते. त्यात लिहिलेलं असतं, आधी कॉन्फिगर, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. जीडालनं २०२२ मध्ये ती जुनी पद्धत सोडून सीमेक घेतलं. त्यामुळे नवी आवृत्ती उतरवून जुनी पीडीएफ समोर धरली की पहिल्याच ओळीला "अशी फाईल नाही" असं उत्तर येतं. मग दोष कोणाला, तर लिनक्सला! दुसरी नेहमीची रड पायथनची. पिप वापरून जीडाल टाकायला गेलं की ते संगणकावर आधीपासून असलेली मूळ लायब्ररी शोधतं, आणि दोघांची आवृत्ती जुळली नाही तर पानभर लाल अक्षरं ओकतं. उपाय सोपा आहे. आधी मूळ लायब्ररीची आवृत्ती विचारा, मग पायथनचं पॅकेज त्याच आवृत्तीचं मागा. तिसरी, 'प्रोज डॉट डीबी सापडत नाही'. अक्षांश-रेखांशांचं गणित करणारी प्रोज नावाची वेगळी लायब्ररी असते, तिची माहितीची फाईल एकीकडे नि जीडाल दुसरीकडे बघतंय, असा हा प्रकार. एकाच संगणकावर तीन ठिकाणांहून तीन जीडाल टाकले की हे होणारच. आमच्या विंगमध्ये एका लॅपटॉपवर पाच निघाली होती. एक उबंटूचं, एक कोंडाचं, एक क्यूजीआयएसबरोबर आलेलं, आणि दोन कोणाची ते देवाला माहीत.

या चुका निदान आरडाओरडा करतात, लाल अक्षरात दिसतात. मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची.

त्यातली पहिली अशी. सेंटिनेल-२ ची चित्रं जेपेग-२००० फॉरमॅटमध्ये येतात. ती वाचायला जीडालला ओपनजेपेग नावाची आणखी एक लायब्ररी लागते. ती तुमच्या संगणकावर नसेल तर सीमेक काय करतं? थांबत नाही. एका लांबलचक यादीत "हे सापडलं नाही" अशी एक ओळ लिहितं आणि पुढे जातं. मेक पूर्ण होतं, इन्स्टॉल पूर्ण होतं, आवृत्ती विचारली तर आवृत्ती येते, स्क्रीनशॉट निघतो, सही होते. आणि खरी फाईल उघडायला गेलं की "हा फॉरमॅट ओळखीचा नाही". कोंडातसुद्धा अलीकडे काही फॉरमॅटचे ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजात काढून ठेवलेत, तेव्हा तिथेही गृहीत धरू नका. जीडाल-इन्फोला फॉरमॅटची यादी मागा आणि त्यात जेपेग-२००० आहे का ते डोळ्यानं वाचा. एक मिनिटाचं काम.

दुसरी त्याहून बेरकी. जीडालच्या सोर्सबरोबर 'ऑटोटेस्ट' नावाचा फोल्डर येतो. त्यात हजारो छोट्या चाचण्या आहेत. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आपल्यासाठी एवढं करून ठेवलंय आणि आपण तो फोल्डर उघडतसुद्धा नाही! बरं, एखादा उघडतो, पायटेस्ट चालवतो, आणि शेवटची हिरवी ओळ बघून खूश होतो. त्या ओळीत दोन आकडे असतात. इतक्या पास, इतक्या स्किप. स्किप म्हणजे पास नव्हे राव! जो ड्रायव्हर तुमच्याकडे बनलाच नाही, त्याच्या चाचण्या नापास होत नाहीत, त्या गुपचूप वगळल्या जातात. हजेरीपटात गैरहजर पोराला नापास दाखवत नाहीत तसं. म्हणजे तुम्हाला ज्या एका फॉरमॅटसाठी हा सगळा खटाटोप करायचा होता, नेमका तोच स्किपमध्ये बसलेला असू शकतो आणि ओळ मात्र हिरवीगार. पायटेस्टला 'वजा आर एस' असा पर्याय दिला की काय वगळलं नि का वगळलं त्याची यादी येते. ती यादी म्हणजे माझ्या मते संपूर्ण चाचणीतला सर्वात वाचनीय भाग.

सगळ्या चाचण्या चालवायला वेळ नसेल तर एक तरी करा. ऑटोटेस्टमध्ये 'जीकोअर'च्या डेटा फोल्डरात 'बाइट डॉट टिफ' नावाची एक इवलीशी फाईल आहे, २० बाय २० पिक्सेलची. जीडाल-इन्फोला चेकसम काढायला सांगून ती द्या. उत्तर ४६७२ यायला हवं. हेच चित्र त्यांनी वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये साठवून ठेवलंय आणि जगभर ज्या कोणाच्या मशिनवर लायब्ररी नीट बसली आहे त्याला हाच आकडा येतो. मला तर या ४६७२ चं फार कौतुक वाटतं. चारशे पिक्सेलांचं चित्र, पण एवढ्या मोठ्या लायब्ररीची नाडी त्याच्यावर बघता येते.

इथपर्यंत लायब्ररीची चाचणी झाली. पण लायब्ररी बरोबर वाचते म्हणजे तुम्ही बरोबर वाचता असं होत नाही! आणि याच्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला बसले.

मागच्या वर्षी एका ग्रुपचं प्रेझेंटेशन होतं. ग्रुप कोणता ते सांगत नाही, मुलं हुशार आहेत. त्यांनी एका तालुक्यातल्या पिकांचा एनडीव्हीआय काढला होता, २०२१ च्या ऑक्टोबरचा आणि २०२३ च्या ऑक्टोबरचा. ज्यांना हा शब्द नवीन त्यांच्यासाठी: हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं, की पीक किती हिरवं आहे त्याचा आकडा मिळतो. यांच्या नकाशात २०२१ चा तालुका गर्द हिरवा आणि २०२३ चा पिवळट. निष्कर्ष: पावसात खंड पडल्यामुळे पिकांची अवस्था वाईट. टाळ्या झाल्या. नकाशा फारच सुबक होता.

मला खटकलं ते वेगळंच. नकाशात रस्ते, गावठाणं, पडीक माळ, सगळ्यांचेच आकडे सरकले होते. पाऊस कमी झाला म्हणून डांबरी रस्ता कशाला बदलेल?

कारण असं आहे. युरोपीय अवकाश संस्थेनं २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ ची चित्रं तयार करण्याची नवी आवृत्ती लागू केली, ०४.०० क्रमांकाची. त्याआधी पिक्सेलमधल्या आकड्याला १०००० नं भागलं की परावर्तन मिळायचं. नव्या आवृत्तीत प्रत्येक आकड्यात १००० मिळवून साठवायला लागले, कारण फार काळोख्या जागी उत्तर शून्याखाली गेलं तरी ते कापलं जाऊ नये. हेतू चांगलाच आहे. पण आता आधी १००० वजा करायचे आणि मग भागायचं. ही सूचना कुठे असते? चित्राच्या फाईलीत नव्हे, सोबतच्या एक्सएमएल फाईलीत. तुम्ही नुसती चित्राची फाईल जीडालला दिलीत, तर त्यात जे आकडे आहेत ते ती इमानदारीनं देते. तिचं काही चुकलं नाही.

आता गणित बघा. भरघोस सोयाबीनच्या एखाद्या पिक्सेलमध्ये खरे आकडे लाल ४०० आणि अवरक्त ३००० असे धरू. वजाबाकी २६००, बेरीज ३४००, भागाकार ०.७६. उत्तम पीक. आता दोन्हीत हजार-हजार मिळवा आणि वजा करायला विसरा. १४०० आणि ४०००. वजाबाकी तीच २६००, पण बेरीज झाली ५४००. भागाकार ०.४८. तेच वावर, तेच पीक, तोच दिवस, आणि कागदावर पीक एक तृतीयांशाहून जास्त घटलं! वरची वजाबाकी बदलत नाही आणि खालची बेरीज दोन हजारानं फुगते, त्यामुळे उत्तर नेहमी खोटं कमी येतं. एक चूकसंदेश नाही, एक लाल अक्षर नाही.

उलटं केलं तर? सगळ्या चित्रांतून सरसकट हजार वजा करणारेही आहेत. जुन्या चित्रावर ते केलं की लाल पट्टा शून्याच्या खाली जातो आणि एनडीव्हीआय एकपेक्षा जास्त निघतो. ते निदान दिसून येतं, थोडं तरी. आणि तारीख बघून ठरवू म्हणाल तर तेही चालत नाही, कारण त्या संस्थेनं जुनी चित्रंसुद्धा नव्या पद्धतीनं पुन्हा तयार करून ठेवायला घेतलीत. २०१८ च्या चित्रातही हजार मिळवलेले असू शकतात. फाईलीच्या नावात 'एन' अक्षरानंतर चार आकडे असतात, ०४०० किंवा त्याच्या पुढचे असतील तर हजार मिळवलेले आहेत. एक्सएमएल उघडून खात्री केली तर सोन्याहून पिवळं.

मग माझी रूममेट म्हणते, "ताई, एवढं कायला करतेस? गुगल अर्थ इंजिनवर टाक ना सरळ." तिचं अगदीच चूक नाही. तिथे 'हार्मोनाइज्ड' नावाचा वेगळा संच ठेवलाय, त्यात हा हजाराचा फरक आधीच काढून टाकलेला आहे. पण तो वेगळा संच आहे हे माहीत असलं तर तुम्ही तो निवडणार. दुसरा निवडलात तर पुन्हा तेच. सोय वाढली की प्रश्न विचारायची सवय कमी होते, एवढंच मी म्हणेन. शिवाय आपल्या होस्टेलचं नेट रात्री दोननंतरच चालतं, ते वेगळं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जानेफळला गेले होते तेव्हा बाबांना आमच्या वावराचा नकाशा दाखवला. आमचं वावर १ हेक्टर २१ आर, म्हणजे तीन एकर. इथे एक मजेची गोष्ट आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. सेंटिनेल-२ च्या लाल आणि अवरक्त पट्ट्याचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे बरोबर एक आर! आपल्या गुंठ्यापेक्षा किंचित कमी. तेव्हा सातबाऱ्यावर १२१ आर असतील तर नकाशात १२१ पिक्सेल. वावर चौकोनी धरलं तर ११ बाय ११. पण बांधावरचा पिक्सेल अर्धा आपला, अर्धा शेजाऱ्याचा, त्यात बाभळीची सावली. म्हणून कडेचे सोडायचे, उरले ९ बाय ९, ८१. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे एकाच पिक्सेलात नऊ आर. तीन एकराला जेमतेम तेरा आणि त्यातले बहुतेक बांधावरचेच. एकरभर वावराच्या मालकानं लँडसॅटच्या एका पिक्सेलवरून फार काही समजून घेऊ नये.

बाबांनी नकाशा फिरवून फिरवून पाह्यला. आधी विचारलं, "पोरी, हा कोपरा पिवळा कायनं दिसते वं?" तो कोपरा खोलगट आहे, तिथे पाणी साचून सोयाबीन पिवळं पडतं, ते त्यांनाच जास्त माहीत. नकाशा बरोबर निघाला म्हणून मी मनातल्या मनात खूश. मग ते म्हणाले, "येवढं आकाशातून दिसते, तं मंग विम्यावाले वावरात येऊन कायले पाह्यत नाही?" मी त्यांना महसूल मंडळ, सरासरी, उंबरठा उत्पादन वगैरे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पण हे बरोबर हाय का नाही, ते कोन पाह्यते?"

या प्रश्नाला आपल्या चौथ्या प्रकरणात उत्तर नाही. स्क्रीनशॉट आहे.

आणखी एक फजिती सांगते आणि मग माझ्या सूचनेकडे येते. लोणारचं स्थान १९.९८ उत्तर, ७६.५१ पूर्व. जीडालची ३.० आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हा त्यांनी अक्षांश-रेखांशांचा क्रम बदलला. आधी रेखांश-अक्षांश चालायचे, आता प्रमाणित व्याख्येप्रमाणे आधी अक्षांश. जुन्या प्रोग्रॅमनं नव्या लायब्ररीला जुन्या क्रमानं आकडे दिले की लोणारचं विवर ७६.५१ उत्तर, १९.९८ पूर्वेला जातं. तिथे काय आहे बघितलंत? नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांजवळचा बर्फाळ समुद्र! एका ज्युनियरनं हे बघून विचारलं, "लोणारला कधी बर्फ होता का?" त्याच्यावर हसू नका. त्यानं निदान नकाशा झूम आउट करून बघितला. बाकीचे "डेटा उपलब्ध नाही" असं लिहून मोकळे झाले होते.

तर माझी सूचना अशी आहे, आणि ती विद्यार्थ्यांइतकीच आपल्या सरांना आणि मॅडमना आहे. परक्या देशातला नमुना डेटा घेऊन चाचणी करण्यापेक्षा आपल्याच भागाची चाचणीची सामग्री करू या. लोणारचं विवर मापायला उत्तम आहे. १.८ किलोमीटर म्हणजे सेंटिनेलच्या चित्रात सुमारे १८० पिक्सेल. तेवढे भरले नाहीत तर स्थानाचं किंवा पिक्सेलच्या आकाराचं काहीतरी बिघडलंय. काळोखा पिक्सेल तपासायला मात्र लोणारचं पाणी घेऊ नका. त्यात शेवाळ भरपूर, कधी हिरवं, २०२० मध्ये तर गुलाबी, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा पेनटाकळी धरणाचा जलाशय घ्या, तोही पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळल्यावरचा. अवरक्त प्रकाशात असं खोल पाणी जवळजवळ काळं दिसतं, आकडा शून्याच्या आसपासच राहायला हवा. तिथे हजाराच्या वर आकडा आला की समजायचं, वजाबाकी राहिली आहे. त्या ग्रुपनं आपल्या नकाशातल्या एखाद्या धरणाच्या पाण्यावर नुसता कर्सर नेऊन ठेवला असता तरी पिवळ्या तालुक्याचं कोडं तिथेच सुटलं असतं.

"आमचे लॅपटॉप चार जीबीचे, एवढी मोठी चित्रं झेपत नाहीत" ही तक्रार खरी आहे. सेंटिनेलच्या एका चौकटीत १०९८० बाय १०९८० पिक्सेल, म्हणजे बारा कोटी. एकच पट्टा पायथनमध्ये दशांशी आकड्यांत उघडला की त्याचेच शहाण्णव कोटी बाइट होतात, आणि एनडीव्हीआयला दोन पट्टे लागतात. लॅपटॉप गोठणार नाही तर काय होईल! पण सगळं चित्र उघडायला सांगितलं कोणी? जीडालला खिडकी देता येते. या पिक्सेलपासून इतके आडवे, इतके उभे, एवढंच वाच. लोणारला ३०० बाय ३०० ची खिडकी पुरते, म्हणजे नव्वद हजार पिक्सेल. ते तर मोबाईलवरही मावतील. आणि खरिपाच्या चित्रांत निम्मे दिवस ढगच असतात, तेव्हा ढगांचे आणि चौकटीबाहेरचे शून्य पिक्सेल सरासरीत शिरू देऊ नका. हे बहुतेकांना माहीत असतं, पण माहीत असलेलंच घाईत राहून जातं.

सरांचं म्हणणं मी ऐकलं आहे. एका बॅचला साठ मुलं, सेमिस्टर चार महिन्यांचं, त्यात परीक्षा आणि गॅदरिंग. प्रत्येकाची चाचणी कोण बघणार? पटतं. म्हणून मी फार मागत नाही. जर्नलमध्ये इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनशॉटचं पान काढून टाका आणि त्याच्या जागी तीन आकडे मागा: बाइट डॉट टिफचा चेकसम, लोणारच्या व्यासाचे पिक्सेल, आणि पेनटाकळीच्या पाण्यातला अवरक्त आकडा. पहिला सगळ्यांचा सारखा असेल. दुसरा थोडा मागेपुढे होईल, कारण विवराची कड प्रत्येकाला थोडी वेगळी दिसते. तिसरा चित्राच्या तारखेप्रमाणे बदलेल, आणि तिथेच कोणी शेजाऱ्याचं उतरवलंय ते कळेल. व्हायव्हात एकच प्रश्न विचारा, "स्किप किती झाल्या आणि कोणत्या?" ज्यानं चालवलं असेल तो सांगेल.

काही जण म्हणतात, हे सगळं टाळायचं तर पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर बरं. पैसे देऊन कोण घेतं ते आपल्या विंगमधल्या क्रॅकच्या पेन ड्राइव्हना विचारा! आणि विकत घेतलं तरी हजाराची वजाबाकी झाली की नाही, हे तुम्हालाच बघायचं असतं. फरक एवढाच की जीडालमध्ये चूक कुठे होते ते तुम्ही सोर्स उघडून ओळीपर्यंत जाऊन पाहू शकता, आणि सापडली तर लिहिणाऱ्यांना कळवू शकता.

आमच्या लॅबच्या सर्व्हरवर मी 'चाचणी' नावाचा एक फोल्डर सुरू केला आहे, सरांच्या परवानगीनं. सध्या त्यात लोणारच्या दोन खिडक्या आहेत, एक २०२१ ची आणि एक २०२३ ची, दोन्हीच्या एक्सएमएल फाईलींसकट. पेनटाकळीच्या तशाच दोन. आणि आमच्या वावराचे ८१ पिक्सेल, सोबत बाबांनी सांगितलेली माहिती: पेरणीची तारीख, कोणता कोपरा खोलगट, काढणी कधी झाली. वाशीम, यवतमाळ, हिंगोलीकडच्या मुलामुलींनी सुट्टीत घरी गेल्यावर आपापल्या गावचा एक तलाव आणि एक वावर त्यात टाकावं. तलावाचं नाव लिहा, वावराच्या मालकाचं लिहू नका, गट नंबरही नको. पेरणीची तारीख मात्र घरच्यांना विचारूनच लिहा, अंदाजानं नको.